मागच्या भिंतीतली खिडकी

इंदापूर, १२ फेब्रुवारी १९९६

प्रिय दिशा,

जयभीम. तू धाडलेली पुण्याची माणसं येऊन गेली. जुनी घरं जपायला मालकांना मदत करतात, त्यांना चहा पाजा, असं तू लिहिलं होतंस. पाजला. पण फुकट चुना आणि वर फुकट गवंडी म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडलीच. अठ्ठावीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली आहेत पोरी, बिनतिकिटाचा उतारू मला चेहऱ्यावरून कळतो.

त्यांच्यातली तेजश्री नावाची मुलगी तुझ्याच वयाची, बोलायला गोड. तिनं पहिलं काय विचारावं? या वाड्याचे मूळ मालक कोण? म्हटलं, मीच. उतारा काढून समोर ठेवला. ती म्हणाली, तसं नाही काका, तुमच्या आधीचे. आधीचे म्हणजे सावकार. तिथंच पाल चुकचुकली. दारावर त्यांच्या नावाची पाटी लागणार आणि आपण राखणदार ठरणार, दुसरं काय?

त्यांच्याबरोबर आलेला हैदर गवंडी मात्र सरळ माणूस. मागची भिंत हातानं चाचपून म्हणाला, "अप्पा, ह्ये सिमिट तुमीच थापलंय न्हवं? त्यानंच भिताड वलं ऱ्हातंय. आधी ते काढाय पायजे." खरं आहे. वाडा घेतला त्या साली सिमेंटला परमिट लागायचं. खेटे घालून ते मिळवलं आणि सगळ्यात आधी ती खिडकी बुजवली. जागा ओळखू येऊ नये म्हणून अख्खी भिंत दोन्हीकडून लिंपली.

आणि तेजश्रीनं नेमकं तिथंच बोट ठोकून विचारलं, इथं खिडकी होती ना? ही गोष्ट आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुझी आई मलाच रागावली, "लेकीवर कशापायी वहिम घेता? पोकळ आवाज कुणालाबी कळतोय." असेल. पण माझा वहिम तुझ्यावरच आहे.

तुलाही मी अर्धंच सांगितलं होतं. त्या खिडकीखाली तुझी आजी, गोजरबाई, पदर पसरून उभी राहायची. सावकारीणबाई वरून भाकरी टाकायच्या, हात लागू नये म्हणून उंचावरून. पदर चुकून भाकरी मातीत पडली की आत हशा व्हायचा. मी सात वर्षांचा होतो, मातीतली भाकरी मी उचलायचो. तू म्हणशील, खिडकी उघडू, लोकांना कळू दे. तुझं खरं असेल. मला ते सोसणार नाही.

आता पत्राचं कारण. रविवारी ते कागद घेऊन सहीला येणार आहेत. त्यात लिहिलंय, घर मूळ स्थितीत आणून तसंच ठेवीन. दिशा, मूळ म्हणजे कुठल्या सालचं, एवढं तू त्यांना विचार. वाडा घेतला त्या त्रेसष्ट साली माझी आई पुढच्या दारानं आत आली आणि ओसरीच्या सोप्यावर पाय पसरून बसली. माझ्या लेखी हे घर तिथून सुरू होतं. तेवढं साल कागदावर लिहून तू स्वतः घेऊन ये, डोळे झाकून सही करतो. नाहीतर भिंत ओली राहिली तरी चालेल.

तुझाच वहिमी बाप,
अप्पा