डॅक ठीक आहे

६ नोव्हेंबर, गुरुवार
डबी आली. डॅक. पत्त्यांच्या जोडाएवढी, काळी. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करून ॲम्प्लिफायरला द्यायचा, एवढंच तिचं काम. कॉम्प्युटर ते स्वतःही करतो, पण ह्यांच्या मते वाईट करतो. दसऱ्यापासून एकच पालुपद: "आवाज बोथट येतो." आधी वायरी बदलल्या. मग स्पीकर हलवले, त्यापायी माझं पुस्तकांचं कपाट पडवीत गेलं. आता ही.

माहितीपत्रक कोण वाचणार? मी. कॉलेजात फिजिक्स शिकवलं हा गुन्हा.

जोडलं. आवाज नाही. कॉम्प्युटर अजून स्वतःच्याच स्पीकरला आवाज पाठवत होता. ते बदललं. मग सतत घूं. लॅपटॉपचा चार्जर काढला, घूं गेली. वीस मिनिटांचं काम. मागे उभं राहून ह्यांचं सूचना देणं चालू, म्हणून दीड तास.

शेवटी डोळे मिटून ऐकलं. "अजून बोथटच गं."

७ शुक्र.
सेटिंगमध्ये एक सापडलं. गाणी ४४.१ किलोहर्ट्झची, कॉम्प्युटर सगळी ४८ करून पाठवतो. विनाकारण उलथापालथ. ते बंद करायला बसले. हे खुर्चीत. मी नुसता माउस हलवला, तर "हां! आता उघडला!"

मी अजून काहीच बदललेलं नव्हतं.

बोलले नाही. का नाही बोलले? वर्गात एखाद्या मुलीनं असं रीडिंग लिहिलं असतं तर वही परत केली असती.

९ रवि.
बैठक. सात माणसं, उपीट, कॉफी. दत्तजयंतीला मंडळात कोण गाणार ते ठरवायचं. गाणाऱ्यांनी रेकॉर्डिंगं पाठवलेली. रीत जुनी: गाणं संपलं की सगळे गप्प, आधी सर बोलणार. हे बँकेत होते, शाळेत कधी नव्हते, पण कान चांगला म्हणून सर.

हूटगळ्ळीच्या शालिनीचं लावलं. कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते, स्कूटरवर जाते-येते, गाणं सकाळी पाचला उठून. मी ट्रे घेऊन दारातच थांबले. वरचा सूर इतका स्वच्छ की…

हे म्हणाले, "बोथट आहे. धार नाही. पुढचं लावा."

सात माना हलल्या. नागराजप्पा तेवढे (हुणसूरहून बसचे धक्के खात येतात) हळूच म्हणाले, "पण सर, मागचा टाळ केवढा लख्ख! डॅकची कमाल."

"कुठला टाळ?"

सगळे हसले. सरांचा विनोद.

विनोद नव्हता. मी तोंड बघितलं ना.

११ मंगळ.
कॉम्प्युटरवर एकच सूर लावला आणि खालून वर नेत गेले. "ऐकू आलं की हात वर करा." डॅक तपासते म्हणून सांगितलं. हजार हर्ट्झला हात वर. दोन हजारला वर. तीनला जरा थांबून. चारला हात मांडीवर. पाचला, सहाला मांडीवर. मला आठपर्यंत नीट येत होतं, आणि मीही अडुसष्टची.

"बघ! वरचं काही देतच नाही. फॉल्टी पीस. तक्रार लिही. कडक लिही, तुला जमतं."

मी लिहायला बसलेसुद्धा. तीन ओळी झाल्यावर पुसल्या.

१२ बुध.
सकाळी कॉफीबरोबर सांगून टाकलं. "डॅक ठीक आहे. कान दाखवू या."

"म्हणजे मी किवुड?" चिडले की कन्नडात जातात.

"बहिरे नाही. वरचे सूर जातात. वयानं सगळ्यांचेच जातात."

"इतकी वर्षं लोक माझ्या कानासाठी येतात ह्या घरात!"

"तेच म्हणते. त्याच कानापायी त्या पोरीचं गाणं गेलं."

कप अर्धा ठेवून उठले. दुपारी जेवले नाहीत. रात्री डाव आपटून वाढलं मी, तेही ऐकू आलं नसेल.

मीराचा पुण्याहून फोन. लेक असून सल्ला बघा: "आई, गुपचूप ट्रेबल वाढव ना. पप्पा खूश, विषय आय्तु, संपला." अस्सा राग आला. ठेवला फोन.

१४ शुक्र.
वाढवला. लिहिताना लाज वाटते. वरचे सूर चांगले दहा डेसिबल. मग नाव न सांगता शालिनीचंच लावलं.

पहिल्या ओळीला मान वर. दुसरीला हात गुडघ्यावर ताल धरायला लागला. संपल्यावर म्हणाले, "कोण गं ही? होती कुठे इतके दिवस?"

सांगितलं नाही. तोंड उजळलं होतं. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

"डॅक आता बसला. नव्या डबीला आठवडा लागतोच."

लागतो! डबीला!

१६ रवि.
बैठक. वाढवलेलं तसंच ठेवलं होतं मी. पहिलंच गाणं, टाळ वाजला आणि नागराजप्पांनी कानांवर हात घेतले. "अय्यो सर, टोचतंय. स्वल्प कमी करा."

"सवय गेली तुमची ऐकायची. हाच खरा आवाज."

आणि माना हलायला लागल्या. कानात सुया जात असताना माना हलवतात हे लोक! तिथे माझं डोकं फिरलं. ट्रे ठेवला, कॉम्प्युटरशी गेले, सगळं होतं तसं सरळ केलं. म्हटलं, "शालिनीचं परत लावते. आज आधी बाकीचे बोलतील."

गाणं संपलं. सगळे सवयीनं ह्यांच्याकडे बघायला लागले. मग नागराजप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "चांगली आहे, मेडम. गेल्या रविवारीपण चांगलीच होती."

"बोथट आहे," हे म्हणाले.

एकही मान हलली नाही. हे एकेकाकडे बघत गेले. शेवटी माझ्याकडे.

उपीट तसंच उरलं.

१७ सोम.
बोलत नाहीत. डॅकच्या वायरी काढून गुंडाळल्या, डबी खोक्यात. चार लोकांत करायला नको होतं. पण एकट्यात सांगितलं तेव्हा ऐकलं? आणि ते सातजण, त्यांना काय झालं होतं? सगळ्यांना ऐकू येतं आणि सगळे गप्प. त्यांची तर जास्तच चीड येते.

तरी नको होतं.

१९ बुध.
मंडळाला उद्या नाव कळवायचं. दुपारी कागद माझ्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य: "तुला ऐकू येतं ना? तू लिही नाव. सही मी करतो."

"म्हणजे ऐकलं मी, आणि कान तुमचा?"

"कुणाला कळायचंय?"

अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "शुक्रवारी साडेदहाला कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. मंडळाला सांगा, शनिवारपर्यंत थांबा."

"कारण काय सांगू?"

"आहे ते."

मोबाइल घेऊन पडवीत गेले. माझ्या कपाटाशेजारी, वेताच्या मोड्यावर बसलेत. अर्धा तास झाला. फोन लावलेला नाही, ठेवलेलाही नाही. पेन मी उचललेलं नाही.