कंपनीत पाठवलेली बॅच

२ सप्टेंबर
शेवटच्या वर्षाची बॅच एकदाची कंपनीत रुजू झाली. अटॅचमेंट म्हणून महिनाभर ऑफिस, गोडाऊन, डीलर, शेतकरी मेळावे, सगळं जवळून बघायचं. औषधं-खतांची मोठी कंपनी. त्यांचे रिजनल मॅनेजर कदम, त्यांच्या एका होकारासाठी उन्हाळाभर मी फोन केले. प्राचार्य म्हणाले, बरं झालं. एवढंच. पाय सुजलेत.

४ सप्टेंबर
कंपनीचे टी-शर्ट घालून मुलांचे फोटो ग्रुपवर. अल्फिया मुजावर कडेला उभी, पण हसतेय. कबनूरची. वडील यंत्रमागावर शिफ्टला. घरात गुंठाभर जमीन नाही, तरी पोरीनं बी.एस्सी. ॲग्री घेतलं. बाकीच्यांना नोकरी नाही लागली तर घरचा ऊस आहे. हिला नोकरीच. परवा विचारत होती, कंपनीत मुलींना फिल्डवर खरंच घेतात का. घेतात, मी म्हणाले. खात्री नसताना.

९ सप्टेंबर
कदमांचा फोन, लेक्चर चालू असताना. आवाज चढलेला. राधानगरीकडच्या एका गावात मेळावा होता. उसाच्या टॉनिकची माहिती अल्फियानं द्यायची ठरलेली. दिली, चांगली दिली म्हणे. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, तुजा ऊस असता तर तू मारलं असतंस काय?"

ती म्हणाली, "आत्ता न्हाय. येताना बघितलं, सरीत पाणी साचलंय. म्हणून पिवळा पडलाय. आधी पाणी काढा."

माणसं उठून गेली. टॉनिकची एकही बाटली खपली नाही. कदम म्हणाले, तिला उद्यापासून पाठवू नका.

१० सप्टें.
प्राचार्यांच्या केबिनमध्ये तासभर. त्यांचं एकच, पुढच्या वर्षी ही कंपनी दारात येणार नाही. पोरीला कॉलेजच्या नर्सरीत बसवा, तिथं अटॅचमेंट पूर्ण दाखवू. नर्सरी दाखवून तिला कोण नोकरी देणार. घरी येऊन तशीच आडवी झाले. ह्यांनी भात लावला.

११ सप्टें.
तिचे वडील आले. रात्रपाळी करून थेट. केसांत अजून कापसाचे तंतू. खुर्चीवर बसेनात.

"मॅडम, पोरगी खोटं बोलली काय?"

नाही, मी म्हणाले.

"मग बरं. पन नोकरी लागंल न्हवं तिला?"

चहा मागवला. तो त्यांनी उभ्यानंच घेतला.

१३ सप्टें.
अल्फियाला घेऊन कदमांकडे. बसमध्ये तिला समजावलं, सॉरी म्हण, विषय संपव. ती म्हणाली, "म्हणते की मॅडम. पन काय चुकलं म्हणून म्हणू, तेवढं सांगा."

कंपनीचा स्टॉप आला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

कदम समोर बसल्यावर तेवढे वाईट वाटले नाहीत. दमलेला माणूस. डोळ्यांखाली काळं. म्हणाले, ती बोलली त्यात चूक काहीच नाही, मीही ॲग्रीचाच आहे, मला कळतं. पण आमच्या बॅनरखाली उभं राहून? टार्गेट मला आहे, हिला नाही.

अल्फिया म्हणाली, तुम्हाला आधी न सांगता बोलले, त्याबद्दल सॉरी. पुढं काही नाही. पाणी, ऊस, टॉनिक, त्याबद्दल शब्द नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. माझ्याही.

परत घेतलं. फिल्डवर नाही, ऑफिसात. डीलरांचे फोन घ्यायचे.

२० सप्टें.
बाकीची मुलं गावोगाव फिरतायत, ही फोनवर. विचारलं, कंटाळलीस का. म्हणाली, डीलर लोक फोनवर लई खरं बोलतात, शिकायला मिळतंय. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या एका कंपनीला भेटून आले. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी साहेब नाहीत म्हणून सांगितलं. कंपन्या गाठायचं हे काम दुसऱ्या कुणाला द्या असं प्राचार्यांना सांगायचं ठरवलंय. दर वर्षी ठरवते.

३० सप्टें.
कंपनीत नोकरीसाठी मुलाखती झाल्या. अल्फियालाही बोलावलं, मला वाटलं नव्हतं. पुण्याहून आलेल्या बाईंनी विचारलं, परत तसाच मेळावा असला तर काय करशील. ही म्हणाली, आदल्या दिवशी जाऊन रानं बघीन आणि तिथं कुठलं औषध न्यायचं ते ऑफिसला सांगीन. बाईंनी मान हलवली म्हणे. कशी हलवली, ते तिला कळलं नाही.

४ ऑक्टोबर
संध्याकाळी कदमांचा फोन. दोघांना घ्यायचं ठरलंय. एक जागा पक्की झाली, बॅचमधल्या पाटलांच्या मुलाला. दुसरी अल्फियाला द्यायला पुण्याचं ऑफिस तयार आहे. फिल्डची नोकरी, बेळगाव भागात. पण अडलंय कदमांच्या सहीपाशी.

"मॅडम, तुम्ही एक शब्द द्या. ती मेळाव्यात परत असं बोलणार नाही. तुमच्या शब्दावर मी सही करतो."

तिलाच विचारा ना, मी म्हणाले.

"तिला विचारलं तर ती खरं सांगेल. म्हणून तुम्हाला विचारतोय."

उद्या सकाळी कळवते म्हणून फोन ठेवला. ह्यांनी विचारलं कुणाचा होता. कंपनीचा, म्हटलं. तेवढ्यात अल्फियाचा मेसेज, मॅडम, काही कळलं का?

अजून उत्तर दिलेलं नाही. दोघांनाही.