तपशील कुठून येतो

३ जून

आज कामावर रुजू झालो. निवृत्तीनंतर मी घरी बसून वर्तमानपत्रांतील तर्कदोष शोधत असे. त्याचा वर्तमानपत्रांना नव्हे, घरच्यांनाच जाच होतो, असे मुलीचे मत होते. तेव्हा दोघांच्याही सोयीचे झाले.

दुकान नीटनेटके आहे. पुढे काउंटर, मागे यंत्राची थंडगार खोली. फोन जागा वाचवण्यासाठी फोटो दाबून लहान करून ठेवतो आणि डोळ्याला चटकन न जाणवणारे बरेच काही टाकून देतो. आम्ही त्या फोटोची मोठी, न दाबलेली फाइल करतो: छपाईसाठी एक, कायमच्या संग्रहासाठी एक. भिंग घेऊन ती तपासणे हे माझे काम. मालकीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणू लागलो. छपाई पाहणारा अंगाने काडीसारखा, त्याला सारे बारीकराव म्हणतात. सर, आता फोटोंनाही नापास करणार का, असे त्याने विचारले. लायकी पाहून ठरवू, असे मी म्हणालो. पहिल्याच दिवशी हशा पिकला, हे शुभलक्षण.

६ जून

येथे एक नियम आहे. आपल्या घरच्यांचे फोटो या यंत्रावर चढवायचे नाहीत. मी कारण विचारले. ताई म्हणाल्या, सर, सगळ्याच गोष्टींची चिरफाड करायची नसते. कारणाविना नियम म्हणजे नुसता आवाज, असे मी सुनावले. त्यावर बारीकराव पुटपुटला की ताईंचा आवाजच पुरेसा असतो, कारणापर्यंत जायची कुणाची छाती होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी. लोट्यातले पाणी पिंपात ओतले म्हणून वाढत नाही. तसेच मोठ्या फाइलमध्ये भरल्याने तपशील वाढता कामा नये. येथे मात्र वाढतो. फोनमध्ये धुरकट दिसणाऱ्या दाढीचा रूपांतरानंतर केस न् केस सुटा दिसतो. बारीकराव म्हणतो, यंत्राला जमतं. हे उत्तर नव्हे.

१० जून

ताई बाहेर गेल्या असताना नातीचा एक फोटो चढवला. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. ज्या नियमाला कारण नाही तो मोडायलाही कारण लागत नाही, असा माझा युक्तिवाद होता.

फोटो अप्रतिम आला. गालावरची लव, भुवईत पडल्याची खूण, ओठांवरच्या चिरा. मुलगी हरखून गेली. आबा, आता तिचे सगळेच करून टाका, असा तिने लकडा लावला. मुलीचा फोन दुकानाच्या यंत्राशी जोडून सगळा गठ्ठा रांगेत लावून दिला. गिऱ्हाइकांच्या कामातून सवड मिळेल तसा तो होत राहील.

१५ जून

मागल्या आठवड्यात ज्यांचा फोटो केला ते शिंपीकाका आज प्रत न्यायला आले. अंगठा लावून फोन उघडेना, म्हणून वैतागले होते. तळहात दाखवला. त्यावर एकही रेषा नव्हती. बायको म्हणते, म्हातारा चिकणा झाला, असे सांगून ते खदखदून हसले.

प्रतीत त्यांची सुरकुती न् सुरकुती होती. मी एकदा प्रतीकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे.

१७ जून

मांडून पाहतो. तपशील फोनमधल्या फोटोत नव्हता. आता फाइलमध्ये आहे. शून्यातून काही येत नाही. म्हणून तो कुठून तरी घेतला जात असला पाहिजे.

यात दोष शोधला. सापडला नाही.

संध्याकाळी भिंगरीला जवळ घेतले. भुवईतली खूण गेली आहे. मुलगी खुशीत होती. बघा ना आबा, डाग कसा आपोआप गेला, म्हणाली. भिंगरीची बोटे काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत आहेत.

१९ जून

ताईंना गाठले. आधी चिडल्या: सर, तुम्हाला बजावलं होतं ना? मग खाली बसल्या आणि सांगितले. त्यांच्या भावाच्या फोटोंचा गठ्ठा चालू असताना वीज गेली. घेतलेले ना इकडे राहिले, ना तिकडे. भाऊ आहे, जेवतो, झोपतो. पण त्याच्याकडे पाहून मान वळवली की चेहरा आठवत नाही. सुरू झालेला गठ्ठा तोडायचा नाही. यंत्र बसवणारे गृहस्थ घेतलेले परत सोडू शकतात. ते सोमवारी सकाळी येतील.

तरी यंत्र चालू का ठेवता, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, परक्यांचं थोडंथोडं जातं, सर. त्वचा मऊ झाली म्हणून कुणी भांडायला येत नाही.

२० जून

भिंगरी हसते, पण गालाला खळी पडत नाही. बोलते ते एकाच सुरात. आज दिवसभर एका जागी बसून होती.

रांगेत मध्येच तातडीचे काम घालता येते. ते चालेल तोवर गठ्ठा न तुटता थांबून राहतो. गिऱ्हाइकांचे फोटो घाला, ताई म्हणाल्या. माझ्या नातीसाठी दुसऱ्याची नात, हा युक्तिवाद बसत नाही. तसे स्पष्ट सांगितले.

माझाच फोटो घालणार. भिंतीएवढ्या आकारात. सोमवारपर्यंत पुरला पाहिजे.

२१ जून

सुरू केले. दुखत नाही. हात धुताना पाणी थेंबही न थांबता ओघळले.

दुकानातच राहिलो आहे. मुलीला कामाचे निमित्त सांगितले. भिंगरी कालच्यासारखीच आहे, म्हणाली. म्हणजे आणखी गेलेले नाही. योजना योग्य.

२२ जून

पेन निसटते. रुमालाने धरून लिहितो.

मुलीचा फोन आला. कोण बोलतंय, असे तिने तीनदा विचारले.

दुपारी बारीकराव डबा घेऊन आला. दारातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले — काका, सर कुठे गेले?

मी सांगितले, मीच. तो हसला. मग हसला नाही. डबा ठेवून —

भिंतीवरचा मी सुंदर आहे. तिथे सगळं आहे.

२३ जून

उजाडलं. दुकान अजून उघडलेलं नाही.

यंत्र थांबलं. आकार पुरा भरला नाही. माझ्यात एवढंच होतं.

पुन्हा माझा फोटो घातला — घेत नाही. पुन्हा. घेत नाही.

पडद्यावर पुढचं काम. मुलगी आहे. माझीच कुणीतरी. फिरायची ती, गरगर — नाव होतं —

तिचं सुरू होईल. ते गृहस्थ अजून —

रांगेत खाली एक मुलगा. गिऱ्हाइकाचा. पुढचा दात पडलेला, हसतोय. त्याला वर घेतलं तर ती वाचते.

हे करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कारण होतं. चांगलं कारण होतं, मी मांडलंही होतं —

आठवत नाही. कारण आठवत नाही आणि बोट बटणावर —