खिंडीपर्यंतची खडी

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी घोटभर पाणी पी. कोणी गेलेलं नाही. फक्त हे फोनवर बोलण्यासारखं नाही. आपल्या घरात फोन वाजला की माझा हा दादा हातातलं टाकून माझ्या खांद्याशी येऊन उभा राहतो, आणि मी एक वाक्य बोलले की पुढची दोन तोच सुचवतो. म्हणून आज गाडी खाली शहरात सावलीला लावून, ड्रायव्हरच्या सीटवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितेय. परतीच्या फेरीला अजून बराच वेळ आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर आत्या म्हातारी झाली असं समजू नकोस, स्टिअरिंग मध्ये येतंय.

तुझं पत्रक दुकानाच्या दारावर लागलंय, सभेच्या नोटिशीला खेटून. नोटीस एवढीशी, पत्रक मोठं आणि रंगीत. गावापासून खिंडीपर्यंत आणि खिंडीतून खाली हमरस्त्यापर्यंत डांबर टाकायचं की आहे ती खडी राहू द्यायची, हे रविवारी शाळेच्या हॉलमध्ये हात वर करून ठरणार, आणि खडीच्या बाजूने तू बोलणार, हे एव्हाना मांजरालासुद्धा माहीत झालंय. तुझे मुद्दे मी नीट वाचले. डांबर आलं की खाणीचे ट्रक जवळचा रस्ता म्हणून आपल्या दारावरून जाणार, हे खरं आहे. तुझे सायकलवाले मग दुसरा डोंगर शोधतील, हेही खरं. सुताराने वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या, दुकानदारीण बाई टायर-ट्यूब ठेवायला लागल्या, ते सगळं तू काढलेल्या सायकलच्या वाटांच्या नकाशामुळे. त्या बाईने आजवर हसून कोणाला मीठसुद्धा दिलं नव्हतं, आता धुळीने माखलेल्या अनोळखी माणसांना बसायला खुर्ची देते. तू चुकतेयस असं वाचताना मला एकदाही वाटलं नाही, आणि तीच तर पंचाईत आहे.

तू पहिल्यांदा हे ग्रॅव्हल बायकिंगचं खूळ घेऊन आलीस तेव्हा मी पोट धरून हसले होते. ज्याला आम्ही जन्मभर उखडलेला रस्ता म्हणत आलो, त्याच्यासाठी तुम्ही शहाणी माणसं रजा काढून येता, जाड टायरची सायकल घेता आणि वळणावर घसरून ढोपरं फोडून घेता. डोकं ठिकाणावर आहे ना, असं मी तुला तोंडावर विचारलं होतं. दादा मात्र हसला नाही. त्याने पडवीतली जुनी सायकल पुसली, साखळीला तेल घातलं आणि तुझ्याबरोबर निघाला. उभी हयात त्याने त्या रस्त्यावर घालवली. खड्डे भरले, रोलर फिरवला, पावसाआधी कडेचे चर मोकळे केले, आणि लोकांनी त्या रस्त्याचं नाव काढलं ते शिव्या घालायलाच. आता त्याची स्वतःची पोरगी विचारत होती, की ओढ्याकडून चढलेलं बरं की जंगलातून. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्याकडे बघताना मी ताट वाढायचं विसरले. वहिनी गेल्यानंतर त्याचा तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते.

तुमचे सगळे मार्ग त्या उन्हाळ्यात ठरले. खिंडीचा मार्ग त्याने निवडला, कारण त्याच्या मते तिथल्यासारखी घट्ट बसलेली खडी पंचक्रोशीत नाही. तू त्याच्या मागून सायकल चालवत होतीस, त्यामुळे तुला त्याची पाठच दिसली असेल. घरी आल्यावर तो मला प्रत्येक वळण हाताने हवेत काढून दाखवायचा, आमटी निवून जायची. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतेय. आपल्या घरातली माणसं हे एकमेकांना सांगत नाहीत.

यंदा तो तुझ्याबरोबर निघाला नाही. गुडघा धरलाय म्हणाला, आणि शेजारी उभी राहून मीही मान हलवली. बाबा, किती वाळलात, असं तू म्हणालीस तेव्हा साखर सोडलीय म्हणून त्याने वेळ मारून नेली. भिंगरी, गुडघा ठणठणीत आहे. त्याच्या किडन्या गेल्या आहेत. थंडी ओसरता ओसरता कळलं, आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी त्याला डायलिसिसला खाली घेऊन येते. आत्ता मी गाडीत बसून लिहितेय आणि तो समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे.

एक लांबट खोली आहे, दोन्ही बाजूंना मागे कलणाऱ्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र, आणि त्यातून आपलं रक्त फिरताना दिसतं. पहिल्या दिवशी मला घेरी आली, दादालाच मला सावरावं लागलं. त्याला खिडकीजवळची खुर्ची लागते. घरून चादर नेतो, कारण तिथे फार गार असतं. सिस्टरला त्याने तुझा नकाशा फोनवर दाखवला, कुठे चढ आहे, कुठे उतरून ढकलावं लागतं ते समजावलं, आणि आता तिचा नवरा सुट्टीच्या दिवशी आपल्या खिंडीत सायकल घेऊन येतो. त्या खोलीत दादाला सगळे सायकलवाले काका म्हणतात. तू रागावशील, की एवढं सगळं परक्या लोकांना ठाऊक आणि मला नाही. रागाव. तुझ्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्याने माझ्याकडून वचन घेतलंय, आणि सबंध गावाचं तोंड बंद केलंय. दुकानदारीण बाईसुद्धा गप्प आहेत, यावरून त्याने किती गळ घातली असेल ते ओळख. भिंगरीला कळलं तर ती सभेत तोंड उघडणार नाही, आणि मग तिचा रस्ता गेला, एवढंच तो म्हणतो. शहरात खोली घेऊन राहू या म्हटलं, तर त्या दिवशी जेवलाच नाही.

खाली येताना काही वाटत नाही. तो गप्पा मारतो, कुठला चर तुंबलाय ते दाखवतो. परत जाताना त्याच्या अंगात त्राण नसतं. पायात गोळे येतात, मळमळतं, रक्तदाब उतरलेला असतो. मी पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाने मागे टाकावं अशी गाडी हाकते. तरी खिंडीच्या चढावर प्रत्येक दगड त्याच्या अंगात जातो. तो दाराची मूठ धरून बसतो, आणि बोटं पांढरी पडलेली मला दिसतात.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या वळणावर धक्का बसला आणि त्याने तीच मूठ गच्च धरली, तशी त्या हातावरची सुया टोचलेली जागा पुन्हा वाहायला लागली. मी गाडी थांबवली आणि कापसाचा बोळा दाबून धरला. हाताखालून गरम लागत होतं. तेवढ्यात वरून तुमचे सायकलवाले आले, सात-आठ जण, हसत, ओरडत, धुरळा उडवत. आम्हाला बघून थांबले, मदत हवी का म्हणून विचारलं. चांगली पोरं होती. दादाने तो हात पटकन चादरीखाली घेतला, माझ्या हातासकट. दुसरा हात हलवून त्यांना विचारलं, की रस्ता कसा वाटला? एक मुलगी म्हणाली, असा रस्ता कुठेच नाही. माझ्या पोरीने शोधलाय, दादा म्हणाला. ती मंडळी गेली आणि मग तो सीटवर मान टाकून डोळे मिटून बसला. आम्ही बराच वेळ तिथेच होतो. रक्त थांबलं, पण मला गाडी सुरू करवेना. मी रडले, भिंगरी. त्याने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

रविवारी मी डांबराच्या बाजूने उभी राहणार आहे. तुझ्यासमोर, तुझ्याविरुद्ध बोलणार आहे, आणि हे तुला भर सभेत कळू नये म्हणून हे पत्र. वचन मोडलं, त्याचं मी आणि दादा बघून घेऊ. सगळं वाचूनही तुला खडीच्या बाजूने बोलावंसं वाटलं तर बोल, ट्रकची भीती खोटी नाही आणि मी मनात काही ठेवणार नाही. पण दादा पहिल्या रांगेत बसणार आहे. त्याने शर्टला इस्त्री करून ठेवलीय. मत घ्यायची वेळ आली की तो तुझ्याकडे बघत खडीसाठी हात वर करील, आणि त्या हॉलमध्ये कोणाची, माझीसुद्धा, त्याला हात खाली घे म्हणायची छाती होणार नाही. त्याला ते फक्त तूच सांगू शकतेस.

रविवारी समोरच्या बाजूला असले तरी तुझीच,
आत्या