उपाशी कसं पाठवायचं?

प्रिय अप्पा,

आत्ताच नितीनचा पेणहून फोन आला. रविवारी रोह्याला येतोय, तुमचे मासे बघायला. "सहाही बरे हायत ना गो?" म्हणाला. मी "व्हय" म्हणाले. अप्पा, पाचच आहेत! सख्ख्या भावाशी धडधडीत खोटं बोलले आणि फोन ठेवल्यापासून मला काही सुचत नाहीये. कुणाला विचारू? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

मुळात मासे मी आणायला हवे होते का? घोळ तुम्हीच घातलात. तुमच्या दहाव्याला पेणला भोगावतीकाठी कावळा पिंडाला काही शिवेना. आत्यानं घराचं सांगून पाहिलं, आईच्या औषधपाण्याचं सांगून पाहिलं. शेवटी मी हात जोडून म्हटलं, "अप्पा, मासे मी रोह्याला नेते." त्याच दमात पलीकडून नितीन म्हणाला, "अप्पा, मासं हितंच ऱ्हातील." आणि कावळा आला की हो! आता तुम्ही ऐकलंत कुणाचं? आत्या म्हणते, दोघांचं. असं कसं असेल?

नितीननंच माघार घेतली. "तुलाच येतं त्यांचं सगळं. तू ने."

खरंच होतं ते. मासे प्रवासाला न्यायचे तर पिशवीत पाणी एक भाग, हवा दोन भाग, वर दोन रबरं घट्ट. मी चौथीत असताना तुम्ही शिकवलंत. त्याला का नाही शिकवलंत, अप्पा? लहानपणी एकदा त्यानं डबाभर खाणं टाकीत ओतलं, तर केवढे ओरडलात! त्यानंतर तो काचेला बोटसुद्धा लावत नव्हता. मला आपलं वाटायचं, याला आवडच नाही. एका घरात वाढून मला एवढं कळू नये?

तेराव्यानंतर निघायचं ठरलं. आदल्या दिवसापासून मी त्यांना काही घातलं नव्हतं, तुमच्याच नियमाप्रमाणे. भरल्या पोटी मासा पिशवीत घाण करतो आणि तेच पाणी त्याला बाधतं. सकाळी अंघोळ करून येते तो नितीन टाकीपाशी, हातात डबा. मूठभर टाकूनही झालं होतं.

"अरे, काय केलंस हे!"

"उपाशी कसं गो पाठवायचं? आपल्या घरातनं कोण उपाशी गेलंय का?"

डोळे भरले होते त्याचे. मी त्याला नियम सांगितलाच नाही. एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण दुसऱ्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती आणि सुट्टी संपली होती. पिशव्या भरल्या, थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या आणि गाडी धरली.

कासू स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली ती थांबलीच, भर उन्हात. झाकण उचलून पाहिलं तर पाणी गढूळ. समोरच्या बाईनं विचारलं, "काय गो, कालवणाला का?"

"नाय हो मावशी. वडलांचे हायत. ते गेले."

ती बिचारी ओशाळली. बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतून तिनं तो खोक्यावर पसरला. कोण कुठली बाई, पण मला रडूच आलं.

घरी पिशव्या इथल्या टाकीत तरंगत ठेवल्या, घाई केली नाही. पाच जण पोहत बाहेर आले. तो मोठा केशरी, ज्याला तुम्ही शेठ म्हणायचात, तो पिशवीतच आडवा झाला होता.

कशानं गेला, अप्पा? मुठीनं, की कासूच्या उन्हानं, की माझ्या निघायच्या घाईनं? रोज वेगळं वाटतं. इतक्या वर्षांत नितीननं पहिल्यांदा तुमच्या टाकीत हात घातला, तोही मायेनं. आणि त्यावर हे! कुठल्या तोंडानं सांगू त्याला?

पण शब्द देते तुम्हाला. रविवारी तो आल्या आल्या सांगेन, शेठ गेला. का गेला विचारलं, तर मी एक दिवस थांबायला हवं होतं, थांबले नाही, असं सांगेन. तेही खरंच आहे. मग खाण्याचा डबा त्याच्या हातात देईन. तो मागे सरेल, तरी देईन. शेजारी उभी राहून चिमूट केवढी घ्यायची ते शिकवेन त्याला. तुमच्याकडून राहून गेलं ते, अप्पा.

तुमची,
मंगल