आयत्या वेळचं, आधीच टाइप केलेलं

४ जानेवारी
काल आमच्या बँडच्या प्रॅक्टिसला ड्रमवाला समीर सर्वांसमोर म्हणाला, "म्याडम, तुमी गाऊन नाई राहिल्या, परीक्षा घेऊन राहिल्या." शाळेच्या उपप्राचार्येला असं बोललं जातं याची लेखी नोंद असावी, म्हणून ही डायरी.
निश्चय: २६ ला स्टील प्लांटच्या क्लबात जॅझ गायचं, २७ ला शाळेचा राजीनामा. माइक माझा स्वतःचा आहे. भिलाईत दुसऱ्या कुणाकडे आहे?

७ जानेवारी
अनुजाला सांगितलं, माझा चार्ज घ्यायला तयार राहा. ती आमच्या शाळेत इंग्रजी शिकवते, सातवी 'ब'ची वर्गशिक्षिका; बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. दोन्हीकडे मान खाली. पेलवेल असं वाटत नाही.

११ जानेवारी
जॅझमध्ये आयत्या वेळी सुचेल तसं गायचं असतं. हा निव्वळ आळस. मला काय सुचणार ते टाइप करून तिघांना वाटलं. सॅक्सोफोनवाले चंपतजी खुर्सीपार वस्तीतल्या लग्नाच्या बँडमधले. म्हणाले, "बाई, मले दुसरंच सुचलं तं?" सुचलं तर हात वर करायचा. एवढं साधं.

१४ जानेवारी
समीरने हात वर केला. पाणी पिऊन येतो म्हणाला. आला नाही. म्हणे प्लांटात सेकंड शिफ्ट. यांना भोंगा कळतो, ताल कळत नाही.

१९ जानेवारी
गळा बसला. सकाळी प्रार्थनेच्या वेळी सातवी 'ब'वर ओरडावं लागलं. दोष शाळेचा. राजीनामा अटळ.

२३ जानेवारी
चंपतजींचा सोलो ठरल्या जागी संपेना. मी शिट्टी वाजवली. तिघंही हसले. शिस्त आवडू लागली आहे.

२५ जानेवारी
क्लबचे सेक्रेटरी उमाकांत यांचा फोन. "ताई, बँडवाले म्हणतात अनुजा गाईल. तुम्ही सूत्रसंचालन करा ना, आवाज कडक आहे तुमचा." होकार दिला. जबाबदारीचं काम आहे, कुणालाही देत नाहीत.

२६ जानेवारी
अनुजा गायली. माझ्या कागदातलं काहीही नाही. मध्येच चुकली, हसली, चुकली तिथूनच पुढे गेली. लोक उठून उभे राहिले. मीही उठले, मागे कोण बोलतंय ते बघायला.

२७ जानेवारी
राजीनामा आला. अनुजाचा. रायपूरच्या एका हॉटेलात गायचं काम मिळालं. म्हणाली, "मॅडम, आपने ही तो कहा था, तयार रहो."
तिचा चार्ज मी घेतला: सातवी 'ब'चा हजेरीपट, कपाटाची किल्ली, अर्धा डबा खडू.
दिला: माइक.