वडिलांचा रकाना

बिश्केक, बुधवार

तीर्थस्वरूप दौलेतदादा यांस धाकट्या शायलोबेकचा दोन्ही हातांनी सलाम.

तुमची तब्येत कशी आहे, आईचे गुडघे काय म्हणतात, वहिनींचा खोकला गेला का, मेंढ्या किती व्याल्या आणि त्या लंगड्या घोडीचं पुढे काय झालं? (जनावरांची चौकशी आधी करायला हवी होती, पण शहरात राहून माणूस बिघडतो.) मी ठणठणीत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण दादा, फोनवर आपलं बोलणं गेली पंधरा वर्षं एवढंच आहे: "बरा आहेस? आईशी बोल." की फोन आईच्या कानाला. म्हणून हे पत्र नारिनला येणाऱ्या मुराताली गाडीवाल्याच्या हाती देतोय. आईची नजर अधू, तेव्हा तुम्ही ते नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवालच.

तर, कचेरीने मला डेटाबेसच्या प्रशिक्षणाला धाडलं आहे. घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदींचा प्रोग्राम नऊ वर्षं मीच सांभाळतो, आणि तो असा लिहिलाय की माझ्याशिवाय कोणाला कळत नाही (हल्ली मलाही नाही), म्हणून साहेबांनी ही शिक्षा काढली. वर्गात आम्ही बारा प्रोग्रामर, सगळे पोट सुटलेले, आणि शिकवायला लारिसाबाई. बाई साठीच्या, रशियन, पण जन्म इथलाच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा घोड्यांचा तक्ता पडद्यावर लावला आणि म्हणाल्या, "हे कोणी केलंय? मारणार नाही, फक्त बघायचंय." मीसुद्धा सगळ्यांबरोबर मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला विषय दिला, आपापलं घराणं. किर्गिझ माणसाला सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ असतात, त्यामुळे कोणी माहिती शोधण्याच्या नावाखाली चहाला पळणार नाही, हा बाईंचा होरा. बाराही जणांनी एकाच तक्त्यात नोंदी भरायच्या. नियम बाईंचे: माणसाला बाप एक, आई एक, बापाचा रकाना रिकामा चालणार नाही, आणि मूल झालं तेव्हा आईचं वय पन्नासच्या आत हवं. मी सहा नावं धडाधड भरली, सातवं बाबांचं (देव त्यांना शांती देवो), मग माझं. वडील म्हणून बाबा, आई म्हणून आई. यंत्राने नोंद परत केली. पुन्हा भरली, पुन्हा परत. यंत्रं मूर्खच असतात, दुसरं काय! असो. मुरातालीबरोबर कुरूतच्या दोन पिशव्या पाठवा. इथल्या दुकानातल्या सुक्या दह्याच्या गोळ्या म्हणजे नुसता खडू.

आईला माझा मुका.

आपला धाकटा भाऊ,
शायलोबेक

ता.क. दादा, आता मोठ्याने वाचू नका. आईला सांगा, पत्र संपलं. आणि गोठ्यात जा.

गेलात? यंत्र मूर्ख नव्हतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "तुमच्या आईने तुम्हाला त्रेपन्नाव्या वर्षी जन्म दिला?" कोणी हसलं नाही. मागून जुमाकादिर म्हणाला, "बाई, थोरला नातू असणार तो. आजी-आजोबांना दिलेला. मीही तसाच." आणखी एकाने हात वर केला. बारांत तिघे! आजी-आजोबांना आई-बाबा म्हणत आणि जन्म देणाऱ्यांना दादा-वहिनी म्हणत वाढलेले. बाईंनी खडू खाली ठेवला. "चाळीस वर्षं शिकवतेय, पण तुम्ही लोक मला एक सरळ तक्ता करू देणार नाही." मग मुकाट्याने त्यांनी दोन रकाने केले, वाढवणाऱ्या आई-बापांचा एक आणि जन्म देणाऱ्यांचा एक. (घोड्यांना एक पुरतो.)

पहिल्यात आई-बाबा. दुसऱ्यात वहिनींच्या शेजारी मी तुमचं नाव भरलं, दादा. छत्तीस वर्षांत ते मी कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट, फक्त बोलायची नसते. मी सात वर्षांचा असताना कुरणावर तुम्ही माझ्यासाठी छोटं खोगीर आणलं होतं. माझा पाय रिकिबीत घालून तुम्ही तो धरून ठेवला होता. तेवढ्यात आईने हाक मारली आणि तुम्ही चटका बसल्यासारखा हात काढून घेतलात. तो हात मला अजून हवा आहे. इतकंच.

आता अडचण ऐका. नोंद भरली म्हणजे झाली, असं नसतं. 'पक्की कर' असा हुकूम दिला की ती पक्की, तोवर मागे फिरता येतं. मी हुकूम दिलेला नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. आणि माझी नोंद कच्ची असेपर्यंत त्या तक्त्यात बाकीच्या कोणाचंच काम पुढे सरकत नाही! अकरा माणसं कालपासून माझ्या नावाने खडे फोडताहेत. बाई माझी नोंद फेकून द्यायला आल्या होत्या. त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत." मुराताली गुरुवारी तिकडून परत निघतो. चिठ्ठी नको. तुमची हरकत नसेल तर ते खोगीर पाठवा. आईला सांगा, माझ्या पोराला हवंय.

ता.क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. काय करतोस म्हणाली, आणि तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "घाल त्याचं नाव. माझं पहिल्या रकान्यात आहे ना? मग झालं. अरे, पंधरा वर्षं तुझा फोन आला की मी मुद्दाम चहाच्या निमित्ताने खोलीबाहेर जाते, दोघं बोलतील म्हणून. आणि हा गाढव फोन घेऊन माझ्या मागे धावत येतो!"

तेव्हा खोगिराचं राहू द्या, जड आहे ते. शुक्रवारी सकाळी दहाला, हुकूम देण्याआधी, मी फोन करीन. आई चहाला बाहेर जाईल. तिच्या मागे जाऊ नका.